चेहरा सोडून बाकीचं बघा

जालना जिल्ह्यातल्या शाळांमधून मी चित्रकला शिकवली. संस्थेच्या शाळा तालुक्यातालुक्यांत विखुरलेल्या, त्यामुळे जाफराबादपासून मंठ्यापर्यंत बदल्या होत राहिल्या. प्रत्येक गावात शाळेनंतर माझा मुक्काम ठरलेला: रद्दीचं दुकान, नाहीतर बंद पडत आलेलं वाचनालय. त्यातून जुन्या मासिकांचा आणि दिवाळी अंकांचा जो ढीग घरी जमला, त्यावर घरच्यांचं मत काय आहे ते इथे लिहीत नाही. तरुण शिक्षक बघायला येतात आणि विचारतात, "सर, या मुखपृष्ठांवरून त्या काळचं रोजचं जगणं कळतं का हो?" कळतं. मात्र चित्रकाराने जे दाखवायला घेतलं असतं, त्यातून फार कमी कळतं. ढीग उपसताना जे उमगलं ते जसं आठवेल तसं लिहितो.

१. मुखपृष्ठावरची बाई आपल्या गावात राहत नव्हती

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांना वगळून त्या काळच्या मराठी मुखपृष्ठांबद्दल बोलताच येत नाही. दलाल १९१६ साली मडगावात जन्मले. मुळगावकर त्यांच्याहून दोनेक वर्षांनी लहान आणि तेही गोव्याचेच. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. मुळगावकरांनी देवादिकांच्या कॅलेंडरांपासून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपर्यंत सगळं रंगवलं. दलालांची खरी ताकद रेषेत. पाठीवरून पदर खाली येतो तिथे त्यांची रेषा एका दमात उतरते, मध्ये कुठे थांबल्याची खूण नाही. मुळगावकरांच्या चित्रात ब्रशचा फटकारा शोधून सापडत नाही, कारण रंग फवाऱ्याने उडवलेला. त्यामुळे त्यांच्या बायकांची कांती लोण्यासारखी. दोघांच्याही बायका देखण्या, डोळे मोठे, अंबाडा सैल, त्यात गजरा.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण अंक घरात आला की पहिला तिच्या हातात जायचा. मुखपृष्ठ डोळ्यांपासून लांब धरून ती म्हणायची, "कोन्या गावची हाय रे ही? डोईवर पदर न्हाई, कपाळाला घाम न्हाई, अन् येवढं हसायला झालं काय तिला?"

कलासमीक्षकाने असा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. कोन्या गावची, याचं उत्तर चित्राच्या मागच्या भागात असायचं. मागे नारळ, उतरतं कौलारू छप्पर, तुळशीवृंदावन, नाहीतर नदीचा दगडी घाट. आमच्याकडे घरावर मातीचं माळवद. भिंती पांढऱ्या मातीच्या, आत शिरताना ढेळज, अंगणात कडुनिंब आणि गावाबाहेर पडलं की बाभळी. नारळ आमच्याकडे यायचा तो देवळापुढच्या दुकानात, सोललेला. मराठी मुखपृष्ठावरचा महाराष्ट्र म्हणजे कोकण, गिरगाव आणि पुण्याच्या पेठा. त्यात दुष्टावा काही नव्हता. चित्रकार जिथले, छापखाने जिथले आणि बहुतेक गिऱ्हाईक जिथलं, तिथलंच चित्र येणार.

मग ते खोटं होतं का? इथे मी आजीच्या पूर्णपणे बाजूने नाही. माझ्या एका मावशीने स्वतःच्या लग्नात 'दीपावली'वरच्या बाईसारखाच अंबाडा हवा म्हणून हट्ट धरला होता, आणि अंक समोर ठेवून तो घातलाही गेला. ब्लाउजची बाही दाखवायला अंक घेऊन शिंप्याकडे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. चित्रात आमचं जगणं नव्हतं, पण चित्रातलं थोडंसं आमच्या जगण्यात शिरलं. त्या काळच्या फोटोंमध्ये अंबाडा दिसला की मी हल्ली आधी त्या सालचा अंक काढून बघतो.

२. चित्रात पाणी कुठून आलं ते विचारा

कमरेवर घागर घेतलेली बाई हा मराठी मुखपृष्ठाचा हुकमी विषय. पाणवठा, ओला पदर, भरलेली घागर. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोरगा होतो. गावचा आड कोरडा, बारवेच्या तळाशी चिखल, आईवडील खडी फोडायच्या कामावर आणि आम्हाला मिळायची सुकडी. घरात मिलोच्या लाल भाकरी. त्या दिवाळीत गावातल्या एका शिक्षकांकडे अंक आलेले होते आणि त्यातल्या एकावर अशीच काठोकाठ भरलेली घागर होती. मोठी माणसं चित्र बघून हसली, रागावलं कोणी नाही. कुणीतरी एवढंच म्हणालं, "पानी तरी पाहायला भेटलं."

तेव्हापासून पाणवठ्याचं कुठलंही चित्र समोर आलं की मी दोर शोधतो. आडाचं पाणी ओढणाऱ्या बाईच्या हाताला दोराचे वळ असतात, डोक्यावर चुंबळ असते, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलेला असतो. हे ज्या चित्रात सापडतं त्या चित्रकाराने पाणी भरणारी बाई खरंच पाहिलेली असते. अशी चित्रं थोडी आहेत, पण आहेत. बहुतेक वेळा ती मुखपृष्ठावर नसतात, आतल्या कथेच्या शेजारी काळ्या रेघेत असतात. संपादकाला माहीत असायचं की दुखरा खांदा स्टॉलवर विकला जात नाही.

३. चेहऱ्यावर हात ठेवा

वर्गात मी हा प्रयोग पुष्कळदा केला. जुनं मुखपृष्ठ फळ्यावर टाचायचं, बाईच्या चेहऱ्यावर कोरा कागद लावायचा आणि मुलांना म्हणायचं, आता काय काय दिसतं ते लिहा. चेहरा उघडा असेपर्यंत मुलं 'सुंदर बाई' एवढंच लिहितात. चेहरा झाकला की वही भरते.

मग दिसतो पितळी स्टोव्ह, पंप मारायचा. टीपॉयवर विणलेला रुमाल आणि त्यावर रेडिओ. हा रेडिओ फार उपयोगी, कारण मोठ्या लाकडी पेटीचा असेल तर चित्र बहुधा साठच्या आधीचं. हातात धरायचा ट्रान्झिस्टर दिसला तर नंतरचं. नऊवारीची पाचवारी कधी झाली, पायात चप्पल कधी आली, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींशेजारी नेत्यांच्या तसबिरी कधी लागल्या, सगळं कडेला आहे. चित्रकाराने चेहरा मनातून काढला. स्टोव्ह मात्र त्याला घरातल्या स्टोव्हकडे बघूनच काढावा लागला.

परतूरकडच्या एका मुलीने एकदा लिहिलं होतं: 'चूल नाही. धूर नाही. म्हणून भिंत पांढरी आहे.' तिच्या घरी पऱ्हाट्यांवर स्वयंपाक व्हायचा. या उत्तराला किती गुण द्यावेत ते मला कळेना, कारण प्रश्न परीक्षेतला नव्हता.

४. रोजचं जगणं मुखपृष्ठावर आलं ते हसवायच्या निमित्ताने

अमेरिकेत नॉर्मन रॉकवेलने 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकासाठी १९१६ ते १९६३ या काळात तीनशेहून जास्त मुखपृष्ठं काढली. न्हाव्याचं दुकान, डॉक्टरकडे आलेली मुलगी. शेजारीपाजारी बोलावून त्यांना उभं करायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि त्यावरून चित्र रंगवायचं, ही त्याची पुढच्या काळातली पद्धत. ही चित्रं पुस्तकात पाहिली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा: आपल्याकडे हे कोणी केलं?

गंभीर मुखपृष्ठावर जवळजवळ कोणीच नाही. ती जागा सौंदर्याला दिलेली होती. साधा माणूस मुखपृष्ठावर शिरला तो विनोदी अंकांच्या दारातून. त्याला हात धरून आत आणलं शि. द. फडणीसांनी. १९२५ चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावचा. संपादक अनंत अंतरकर 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' चालवायचे. त्यांच्या अंकांसाठी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून फडणीसांनी रंगीत हास्यचित्रांची मुखपृष्ठं दिली, आणि खाली एक शब्दही नाही. त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं चित्र बसथांब्यावरचं. तरुणीच्या साडीवर मांजरं छापलेली, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदीर.

हसून झाल्यावर ते चित्र परत बघा. बसथांबा आहे. एकटी तरुणी घराबाहेर पडलेली आहे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. अंगावर छापील कापड आहे, हातमागाचं काठापदराचं लुगडं नाही. परका पुरुष आणि परकी बाई शेजारी शेजारी उभे राहतात अशी एक नवी जागा शहरात तयार झाली आहे. पन्नाशीच्या दशकातलं शहर समजायला एवढ्या गोष्टी मला एका चित्रात मिळाल्या, तेही चित्रकार समाजशास्त्र सांगायला बसलेला नसताना.

आमच्याकडे शहरी बसथांबा नव्हता. एस.टी.ची फलाटं होती आणि तिथे रांग लावायची पद्धत आजही पुरती रुजलेली नाही. तरी त्या चित्राला आमच्या घरात सगळे हसले. दलालांच्या बाईला गाव विचारणारी आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, कारण मांजर आणि उंदीर तिच्या ओळखीचे होते. शब्द नसल्याचा फायदा असा थेट तिच्यापर्यंत पोहोचला. याच फडणीसांनी पुढे बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांची चित्रं काढली. ती पुस्तकं आमच्या शाळेत आली तेव्हा गणिताचे सर कुरकुरले, मुलं चित्रंच बघत बसतात म्हणून. मला तो त्या पुस्तकांचा गौरवच वाटला.

दुसरं नाव वसंत सरवटे यांचं. पेशाने इंजिनिअर, नोकरी सिमेंट कंपनीत. 'ललित' मासिक १९६४ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या दिवाळी अंकांची त्यांनी काढलेली मुखपृष्ठं मी वेगळी काढून ठेवली आहेत. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने सदर लिहायचे, त्या ठणठणपाळाला रूप दिलं ते सरवट्यांनी. त्यांची रेषा बारीक, थोडी तिरकस, माणसांच्या बसण्या-उठण्याच्या लकबी पकडणारी. पुस्तक वाचणारा माणूस खुर्चीत कसा घसरत जातो, हे त्यांच्याइतकं कोणी नीट पाहिलेलं मला माहीत नाही.

मधुकर पाटकरांचा 'आवाज' हा दिवाळी अंक १९५१ चा. त्याच्या खिडक्यांबद्दल जालन्यातल्या सभ्य घरांत मोठ्याने बोललं जात नसे. पानाला कापलेली खिडकी. तिच्यातून भलतंच काही दिसणार असं वाटायचं आणि पान उलटलं की निराळंच, निरुपद्रवी निघायचं. वाचनालयातून घरी आलेल्या 'आवाज'ची खिडकीची पानं इतर पानांपेक्षा हमखास मळकी असायची. वाचकांच्या आवडीची याहून प्रामाणिक नोंद वाचनालयाच्या रजिस्टरातही नसेल.

५. चित्र बघून झालं की किंमत वाचा, मग पत्ता वाचा

जालन्यात सापडलेल्या अंकाचं मोल मला पुण्यामुंबईत सापडलेल्या अंकापेक्षा जास्त वाटतं, ते या कारणाने. चित्र दोन्हीकडे तेच. पण आमच्या अंकावर आमच्या मुलखाचा इतिहास चिकटलेला असतो.

किंमत आण्यांत असेल तर अंक १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, किंवा फार तर लगेच नंतरचा, सवयीने आणे लिहिणाऱ्यांचा. 'न. पै.' असेल तर त्यानंतरचा. १९६४ मध्ये 'नवे' गेलं आणि नुसते पैसे राहिले. तारखेचं पान फाटलेल्या अंकांचं साल मी बरेचदा असंच पकडतो.

पत्त्याची पट्टी त्याहून बोलकी. 'जालना, हैदराबाद राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं. मग थोडी वर्षं 'मुंबई राज्य'. १९६० पासून महाराष्ट्र. 'जि. औरंगाबाद' हे १९८१ पर्यंत, कारण जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. परतूरचा वर्गणीदार असेल तर त्याच काळात 'जि. परभणी'. ४३१२०३ हा पिन दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. माणूस त्याच वाड्यात, त्याच ओसरीवर बसून अंक वाचतोय आणि त्याच्याभोवती राज्य बदलतंय, जिल्हा बदलतोय. एका घरातल्या गठ्ठ्यात मी हे सगळे पत्ते एकाच नावाखाली पाहिले.

माझ्याकडचा सगळ्यांत लाडका अंक चाळीसच्या दशकातला 'स्त्री' आहे. किर्लोस्कर मंडळींचं 'स्त्री' १९३० साली सुरू झालं. त्यांचं गाव किर्लोस्करवाडी, औंध संस्थानातलं. अंक तिथून निघून निजामाच्या राज्यातल्या जालन्यात यायचा, म्हणजे एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात. मनमाडला मोठ्या लाइनीची गाडी सोडून छोट्या लाइनीच्या गाडीत. या अंकाच्या मुखपृष्ठावर, चित्रातल्या मोकळ्या जागेत, कोणीतरी पेन्सिलीने हिशोब मांडला आहे: हाली आणि कलदार. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. वर्गणी कलदारात भरायची, घरात पैसा हाली. ज्या हाताने तो हिशोब केला त्या हाताला ही वर्गणी सहज परवडत नसावी, कारण बेरीज दोनदा केलेली आहे. त्या काळी या भागातल्या सरकारी शाळांत वरचं शिक्षण उर्दूतून होतं. त्या घरात मराठी मासिक का मागवलं जात असेल, याचा विचार करताना मला चित्रातल्या बाईपेक्षा पेन्सिल धरणारी बाई जास्त स्पष्ट दिसते. पुरुषही असेल, पण अंक 'स्त्री'चा आहे आणि आकडे नीटनेटके आहेत, म्हणून मी बाईच धरून चाललो आहे.

६. लाल इतका लाल का, हे छापखान्याला विचारा

जुन्या चित्रातले रंग भडक, म्हणजे लोकांची आवड भडक, असं म्हणणारे भेटतात. भिंग घ्या आणि बघा. रंगीत चित्राचे ठसे वेगवेगळे बनायचे: पिवळा, लाल, निळा आणि वर काळा. कागद प्रत्येक ठशाखालून वेगळा जायचा. एक ठसा केसभर सरकला की ओठांच्या बाहेर लाल सांडतो. चित्रकाराला हे आधीच ठाऊक असायचं. नाजूक करड्या छटा ठशात मरतात, म्हणून तो सपाट रंग आणि ठाम कडा पसंत करायचा. इंटरमिजिएट परीक्षेच्या मुलांना पोस्टर कलरने सपाट रंग भरायला शिकवताना मी हीच मुखपृष्ठं दाखवायचो.

दुसरं कारण स्टॉलचं. अंक दोरीला टांगलेला, गिऱ्हाईक एस.टी.च्या खिडकीत, गाडी सुटायला आलेली. तेवढ्यात नजर पकडायची म्हणजे चेहरा मोठा आणि साडी लालच हवी.

७. 'चांदोबा'तल्या घरांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती

'चांदोबा' मराठीत १९५२ पासून, मद्रासहून. एम. टी. व्ही. आचार्य, वड्डादी पापय्या, शंकर ही चित्रकार मंडळी दक्षिणेतली, त्यामुळे त्यातले खांब, देवळांची गोपुरं, बायकांचे दागिने सगळं तिकडचं. जाफराबादच्या पोराला त्यात काही परकं वाटलं नाही. मोठ्यांच्या मुखपृष्ठावर नारळ दिसला तर खटकायचा, मुलांच्या मुखपृष्ठावर राक्षस दिसला तरी चालायचा. मला याचं कारण अजून नीट सांगता येत नाही.

८. मागचं पान फाडू नका

पुढच्या पानावर हौस, मागच्या पानावर गरज. अफगाण स्नो, वुडवर्ड्सचं ग्राइप वॉटर, शिलाई यंत्रं. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्मच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' म्हणून कारखान्याची माहिती देण्यासाठी झाला होता, लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याची. काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. म्हणजे मराठीतलं एक मोठं मासिक नांगराच्या मागून चालत आलं, हे शेतकऱ्यांच्या पोरांना सांगितलं की ती एकदम सरळ बसतात.

९. कापलेलं मुखपृष्ठ जास्त बोलतं

कोऱ्या करकरीत प्रतीच्या मागे लागलेले संग्राहक असतात. मला फाटकी प्रत आवडते. जालन्याच्या जुन्या भागात एक वाडा पाडत होते, तिथे लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली मुखपृष्ठं मी पाहिली. मध्ये मुळगावकरांची लक्ष्मी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दिवाळी अंकातल्या साध्या बायका, खळीने चिकटवलेल्या. ट्रंक लग्नात माहेराहून आलेली असणार. ती उघडल्यावरच हे प्रदर्शन दिसणार आणि किल्ली एकीच्याच कमरेला. घरातली इतकी खाजगी भिंत दुसरी नसेल.

सलूनमधल्या भिंतीवर हीच चित्रं लागली की त्यांचा अर्थ पार बदलायचा, ते वेगळं सांगायला नको. शाळेच्या पुस्तकांना लावलेल्या कव्हरांत चित्र आतल्या बाजूला दुमडलेलं असायचं, कारण गुरुजी रागवायचे. पुस्तकाचं कव्हर सोडवून आतलं चित्र बघण्यात मी जितका आनंद घेतला आहे तितका चांगल्या प्रदर्शनातही मिळालेला नाही.

१०. आपलं मुखपृष्ठ आपणच काढायला बसावं

आमच्या जिल्ह्याचं रोजचं जगणं त्या मुखपृष्ठांवर फारसं आलंच नाही, ही खंत मी बरीच वर्षं नुसती बोलून दाखवली. मग शाळेत मुलांना काम दिलं: तुमच्या गावच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ काढा, फक्त त्यात तुम्ही स्वतः पाहिलेलंच हवं.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी नारळाचं झाड काढलं. मी ते कागद परत दिले.

दुसऱ्या फेरीत जालना आला. धुळवडीचा हत्ती रिसाला, हत्तीवर बसून रेवड्या उधळणारा राजा आणि खाली ओंजळ पसरलेली गर्दी. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला पायी निघालेले लोक, त्यांच्या पायांकडून काढलेले. रोलिंग मिलमधून आलेला बाप, झोपलेला, तोंडावर पंचा. मोसंबीची क्रेट भरलेला टेम्पो आणि त्यावर बसलेला मुलगा एक मोसंबं सोलतोय. कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या शिवून केलेला पडदा. जालना हे बियाण्यांचं गाव, बद्रीनारायण बारवाले यांनी महिको १९६४ मध्ये इथेच सुरू केली, आणि पिशवीवरच्या टपोऱ्या बोंडाचं चित्र आमच्याकडे दलालांच्या बाईपेक्षा जास्त घरांत पोहोचलं आहे. त्या मुलाने पडद्यावरची बोंडं अगदी मन लावून रंगवली होती आणि पडद्यामागच्या आईची फक्त पावलं दाखवली होती.

अंबडकडच्या एका मुलीने पाण्याच्या टँकरपाशी उभ्या बायका काढल्या. त्यातल्या दोघी भांडत होत्या, एक मोबाइलवर बोलत होती, एकीने हंड्यावर आपलं नाव रंगवलेलं होतं. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ते चित्र निवडताना एका सहकाऱ्याने सुचवलं की भांडणाऱ्या दोघी काढून टाकाव्यात, पाहुणे येणार आहेत. चित्र जसंच्या तसं लागलं. पाहुण्यांनी त्याच चित्रापाशी सगळ्यांत जास्त वेळ घेतला आणि त्यातले एकजण टँकरचा नंबर वाचून म्हणाले, हा तर आमच्या गावाला येतो.

११. जपायचं तर साधेपणाने, आणि रद्दीवाल्याशी नीट बोलावं

चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि रंगासकट कागद उचलते. लॅमिनेशन तर मुळीच नको. पिना गंजतात, त्या हलक्या हाताने काढून दोऱ्याने शिवावं. वाळलेला कडुनिंबाचा पाला अंकांमध्ये ठेवावा, आमच्याकडे तो फुकट आहे. पावसाळ्यानंतर अंक सावलीत वाऱ्यावर टाकावेत, उन्हात नको, लाल आधी उडतो. गठ्ठा जमिनीवर ठेवायचा नाही. मराठवाड्यात वाळवी कोणाचं साहित्यप्रेम बघत नाही.

आणि रद्दीवाला. त्याला वर्षानुवर्षं वाटत होतं की मला सुंदर चित्रं हवी आहेत, म्हणून तो चांगली मुखपृष्ठं फाडून वेगळी ठेवायचा आणि बाकीचा अंक काट्यावर टाकायचा. पत्त्याची पट्टी, मागची जाहिरात, पेन्सिलीचे हिशोब सगळे गिरणीत. एक दिवस त्याच्याकडे बसून चहा घेता घेता मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मतलब सर, जिसपे लिखा हुआ है, गंदा है, वो ज्यादा में लेंगे?" हो म्हणालो. त्याने दर तिथल्या तिथे वाढवला. आता तो मला फोनवर अंकाचं नाव सांगत नाही. आत कोणाचं नाव आहे, कुठल्या गावचा शिक्का आहे आणि कोणत्या पानावर काय खरडलेलं आहे, हे आधी वाचून दाखवतो, मग भाव सांगतो.